दोन सूत बाहेर

सातव्यांदा अंगठा टेकवला तरी फोन मिस्त्रीला ओळखेना.

"जरा दाबून ठेवा, मामा," सून म्हणाली.

"आणखी दाबला तर फुटेल तो."

"मग पुसून ठेवा."

मिस्त्रीने अंगठा सदऱ्याला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि परत टेकवला. पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली. सुनेने वाचून दाखवलं, "ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा."

"त्याला म्हणावं, गावात जाऊन विचारून ये मी कोण ते."

गावात विचारलं असतं तर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. हातकाम शिकवणाऱ्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री बावीस वर्षं पोरापोरींना बांधकाम शिकवत होता. पुढच्या इमारतीत शिवण आणि वायरिंग चालायचं, मागे विटा आणि माती. पण या बावीस वर्षांत, आणि त्याच्या आधीच्या वीस वर्षांत, चुन्याने आणि सिमेंटने त्याची बोटं पार खाऊन टाकली होती. अंगठ्यावर रेष म्हणून उरली नव्हती. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत अंगठा. फोन तरी बिचारा काय ओळखणार?

भानगड सुरू झाली ती हेडमास्तरांकडे आलेल्या पत्रापासून. येत्या सत्रापासून पाच बॅज असलेल्यालाच शिकवता येईल, असं वरून आलं होतं. बॅज म्हणजे छातीला लावायचा बिल्ला नव्हे. तो फोनमध्येच असतो. फोनवर अंगठा देऊन खातं उघडायचं, धडा बघायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, पास झालं की एक रंगीत गोल चिन्ह आपल्या खात्यात जमा होतं. पाच गोल झाले की केंद्राकडून माणूस येऊन प्रत्यक्ष काम बघणार.

"मिस्त्री, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही," हेडमास्तर म्हणाले होते. "पण हात वर पाठवता येत नाही. बॅज पाठवता येतो."

"आणि नाही मिळाले तर?"

हेडमास्तरांनी टेबलावरचा कागद उगाचच सरळ केला. तेवढ्यावरून मिस्त्रीला काय ते कळलं.

एरवी त्याने खांदे उडवले असते. हातात गवंड्याची करणी आहे तोवर कुठेही पोट भरता येतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. पाणीच नाही तर बांधकाम कुठलं? गावातली सगळी कामं जोत्यावर येऊन थांबली होती. मुलगा लांब रस्त्याच्या कामावर गेला होता आणि महिन्यातून एकदा फोन करायचा. घरात शाळेचं काम तेवढं उरलं होतं, आणि तेही आता या गुळगुळीत अंगठ्यावर येऊन अडलं होतं.

आठव्यांदा सुनेने सरळ आपलाच अंगठा टेकवला. कुलूप उघडल्याशी मतलब, किल्ली कुणाची का असेना, एवढाच तिचा विचार. हिरवी खूण आली आणि फोन पुढे सरकला. नाव मिस्त्रीचं, अंगठा सुनेचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मिस्त्रीला तर सुटल्यासारखं झालं.

त्यांच्या घराला जिना होता, पण वरचा मजला नव्हता. गावभर घरं बांधणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर अर्धवट राहतं, तसं ते राहिलं होतं. त्या जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर फोनला रेंज यायची. रोज शाळा सुटल्यावर सासरा आणि सून तिथे बसायचे. सून प्रश्न वाचायची, मिस्त्री उत्तर सांगायचा, सून दाबायची. शेवटी फोन अंगठा मागायचा, तोही तीच द्यायची.

"कामगार परांचीवरून पडल्यास सर्वप्रथम काय कराल?" सुनेने वाचलं.

"मुकादमाला शिव्या घालीन. फळी बांधून कुणी घेतली नव्हती?"

"तो पर्याय नाही, मामा."

"मग ज्याने प्रश्न लिहिलाय तो कधी परांचीवर चढलेला नाही."

पहिला बॅज असा भांडत भांडत मिळाला. दुसरा नकाशे वाचण्याचा होता. तिसरा कमी पाण्यात बांधकाम कसं करायचं याचा. त्यात मात्र मिस्त्री गप्प बसून ऐकत राहिला. विटा भिजवलेलं पाणी गाळून पुन्हा कसं वापरायचं, ते त्याने दोनदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये करूनही पाहिलं. "हा माणूस कामाचा आहे," असं त्याने त्या धड्यातल्या माणसाबद्दल घरी येऊन सांगितलं.

सुनेला मात्र वेगळाच नाद लागला. उत्तर दाबायचं तर ते कळायला नको? सांधा मोडून वीट लावायची म्हणजे काय, कोपऱ्यात अद्धा, म्हणजे अर्धी वीट, कुठे येतो, हे ती विचारू लागली. तोंडाने सांगून मिस्त्रीला समाधान वाटेना. त्याने परसात जुन्या विटांचा ढीग करून दिला. भांडी घासलेल्या पाण्यात माती कालवून सून कोपरा रचायची. रचून झाला की मिस्त्री तीन पावलं मागे जायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "पाड."

हा शब्द साऱ्या गावाला माहीत होता. त्यावरून पोरांनी त्याचं नाव पाडमास्तर ठेवलं होतं. भिंत केसभर कलली तरी पाड. परत रच, परत पाड. सुनेने एकूण अकरा कोपरे रचले आणि अकराही पाडले. नखं तुटली, तळहाताची सालटी निघाली. मिस्त्रीची बायको चुलीपाशी बसून हे सगळं बघायची.

"भांड्यांचं पाणी झाडाला जायचं, ते आता विटांना चाललंय," ती म्हणायची. "वीट तरी फळ देणार आहे का?"

"आत्या, बारावा जमेल बघा."

"जमला तरी हे पाडच म्हणणार. लग्नात मांडव घातला होता, त्याच्याकडेसुद्धा असंच बघत होते."

चौथ्या बॅजचं नाव होतं 'शिकणाऱ्याची चूक'. धड्यात एक शिक्षक होता. त्याच्यासमोर पोरगा चुकीचं करत होता आणि शिक्षक हाताची घडी घालून नुसता उभा होता.

"हा झोपलाय काय?" मिस्त्री म्हणाला.

"थांबलाय, मामा. चूक आपण दाखवायची नाही. त्याची त्याला दिसेपर्यंत वाट बघायची."

"आणि तोवर भिंत डोक्यात पडू द्यायची?"

"विचारलंय तेवढं सांगा. विद्यार्थ्याची चूक दिसताच तुम्ही काय कराल?"

"पाड म्हणीन."

त्या उत्तरावर मिस्त्री नापास झाला. दुसऱ्या दिवशी त्याने दात-ओठ खात हवं ते उत्तर दिलं आणि बॅज मिळवला. पण जिना उतरताना, असल्या शिकवण्याने घरं नाही, कबरी बांधल्या जातील, असं तो दोनदा म्हणाला.

पाचवा बॅज मूल्यमापनाचा होता. त्याची मिस्त्रीला अडचण आली नाही, कारण त्याचं मूल्यमापन आधीच भिंतीवर होतं. शाळेच्या मागच्या आवारभिंतीवर त्याने कंबरेच्या उंचीला गिलाव्याचा एक पट्टा ओढला होता. ज्याचा कोपरा पहिल्यांदा ओळंब्याच्या दोरीला सरळ येईल, त्याच्यासाठी पट्टा थोडा पुढे वाढवायचा आणि त्याने त्या ओल्या गिलाव्यात आपला अंगठा उमटवायचा, अशी पहिल्या वर्षापासूनची पद्धत. मिस्त्रीला कुठला कागद देता येत होता? म्हणून मग अंगठा. बावीस वर्षांत पट्टा भिंतीच्या टोकाशी येऊन पोचला होता, आणि कुठला अंगठा कुणाचा ते मिस्त्री न चुकता सांगायचा.

केंद्राच्या बाई आल्या त्या दिवशी सकाळीच पत्रा तापला होता. त्यांना त्या दिवसात आणखी दोन शाळा करायच्या होत्या. धुळीने त्या सारख्या शिंकत होत्या. त्यांनी पिशवीतून काचेचं एक लहानसं यंत्र काढून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

"आधी ओळख पटवू, मग काम बघू. अंगठा ठेवा."

मिस्त्रीने अंगठा सदऱ्याला पुसला. बारा शिकाऊ पोरंपोरी खिडकीला लटकली होती. त्याने अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं.

"धुऊन या."

तो धुऊन आला. लाल. हेडमास्तरांनी शिपायाकडून तेलाची बाटली मागवली. अंगठ्याला तेल चोळलं, मग तेल पुसलं. लाल. उजवा झाला, डावा झाला. दहाही बोटं एकेक करून काचेवर ठेवून झाली. बाई प्रत्येक वेळी "पुन्हा" म्हणत होत्या, रागाने नव्हे, सवयीने. बेचाळीस वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात टेबलाखाली लपवावेत असं मिस्त्रीला वाटू लागलं. खिडकीतली पोरं हसत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सून हेडमास्तरांच्या दारातच उभी होती. फोन तिचा, म्हणून तिला बोलावलं होतं. ती पुढे आली.

"बाई, माझा बघा."

तिने अंगठा टेकवला आणि यंत्र हिरवं झालं. पडद्यावर पाचही गोल एका रांगेत उमटले, खाली मिस्त्रीचं नाव.

बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे परीक्षा कुणी दिली?"

"उत्तरं मामांनी दिली," सून म्हणाली. "मी वाचली आणि दाबली. त्यांचा अंगठा लागत नव्हता, म्हणून मी माझा लावला. लबाडी करायची म्हणून नाही हो. कुलपासारखं असेल असं वाटलं."

"ही चूक आजवर मी कुठे बघितली नाही," बाई म्हणाल्या, आणि शिंकल्या. "खोटेपणाचा शेरा मारला तर दोघंही बाद. शाळेचंही नाव जाईल."

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, काही मार्ग?"

बाईंनी फोनवर बराच वेळ काहीतरी वाचलं. "नाव चुकलं तर दुरुस्तीचा अर्ज आहे. अंगठा चुकला तर अर्ज नाही. बॅज या मुलीच्या नावावर करता येतील. पण मग प्रत्यक्ष काम हिनेच करून दाखवायला हवं. नऊ थरांचा कोपरा, दोन तासांत. जमलं तर जागा हिची. नाही तर मी रिकामी लिहिणार." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "येतं तुला?"

सुनेने मिस्त्रीकडे पाहिलं. अकरा कोपरे, अकरा वेळा पाड.

"येतं," तो म्हणाला.

परीक्षेसाठी शाळेने एक पिंप पाणी राखून ठेवलं होतं. सुनेने पदर खोचला. मिस्त्रीने आपली करणी तिच्या हातात दिली आणि शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. बोलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

तिने विटा भिजवल्या, माल कालवला, काटकोनाचा गुण्या लावून पहिला थर बसवला. पहिला थर चांगला होता. दुसऱ्यात अद्धा बरोबर जागी आला. पत्र्याखाली भट्टी झाली होती. घाम तिच्या हनुवटीवरून मालात पडत होता. खिडकीतली पोरं आता शेडच्या कडेने बसली होती. मिस्त्रीची बायको कुणाकडून तरी कळून धापा टाकत आली आणि त्यांच्यातच बसली. चौथा थर गेला, पाचवा गेला. सहाव्याला सुनेने वेळ किती राहिला ते विचारलं आणि हात घाईला आला.

मिस्त्रीला तिथेच दिसलं. कोपऱ्याची वीट बाहेर गेली होती. फार नाही, दोन सूत, म्हणजे पाव इंच. सातवा थर त्याच वळणाने चढला. आठवा चढला. मिस्त्रीच्या जिभेवर तो शब्द आला होता. पण बोलला तर परीक्षा बाद. आणि परीक्षा झाल्यावर बोलला तर जागा जाणार. नाही बोलला तर बाईंना थोडंच कळणार होतं? त्याने तो शब्द गिळला. आयुष्यात पहिल्यांदा वाकडी भिंत बघून तो गप्प राहिला, आणि त्याची त्याला शरम वाटली.

नववा थर झाला. बाईंनी टेपने लांबी-उंची मोजली, चार बाजूंनी फोटो काढले. ओळंबा त्यांच्याकडे नव्हता. "छान," त्या म्हणाल्या आणि फोनवर भरू लागल्या. हेडमास्तरांनी रुमालाने मान पुसली. पोरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"मामा, ओळंबा द्या," सून म्हणाली.

ओळंबा मिस्त्रीच्या खिशातच होता. काढायला त्याने उशीर लावला. सुनेने दोरी वरच्या विटेला धरून टोकाचा लोलक सोडला, तो हलायचा थांबेपर्यंत थांबली आणि खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दोन सूत बाहेर आहे," ती म्हणाली.

"एवढं चालतं गं," बाई म्हणाल्या. "मी भरतेय."

"आमच्याकडे नाही चालत."

आणि तिने दोन्ही हातांनी वरचे चार थर ढकलून दिले. विटा धपाधप पडल्या. हेडमास्तर मटकन ढिगाऱ्यावर बसले.

"पस्तीस मिनिटं आहेत," बाई घड्याळ बघून म्हणाल्या. त्यांना राग आला होता की आश्चर्य वाटलं होतं, ते कळत नव्हतं.

पडलेला माल कोरडा पडून मातीत मिसळला होता, नवा कालवायला हवा होता. सुनेने पिंपात डबा घातला तर तळाला खरवडल्याचा आवाज आला. टँकर परवा येणार होता. पोरं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात मिस्त्रीची बायको उठली आणि घराकडे गेली. परत आली ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन. परवापर्यंतचं घरातलं सगळं पाणी तेवढंच होतं.

"घ्या," तिने दोन्ही हंडे पिंपात ओतले. "तुम्ही दोघं मिळून माझं घर धुऊन न्या एकदाचं."

या वेळी सुनेने वेळ विचारला नाही. प्रत्येक थराला ओळंबा सोडला. नवव्या थराची शेवटची वीट बसली तेव्हा चार मिनिटं उरली होती. बाईंनी स्वतः वाकून दोरीकडे बघितलं, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. मग फोनवर काहीतरी दाबलं आणि सुनेपुढे यंत्र धरलं. तिचा अंगठा मालाने माखला होता. तो तिने पदराला पुसला आणि ठेवला. हिरवं.

बाईंची गाडी गेली. बायको रिकामे हंडे घेऊन पुढे गेली. हेडमास्तर मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारून, "काम घरातच राहिलं म्हणायचं," एवढं बोलले आणि ऑफिसात शिरले. मिस्त्रीने उरलेला माल घमेल्यात गोळा केला. आवारभिंतीच्या टोकाशी पट्ट्याला हातभर जागा शिल्लक होती. तिथे त्याने गिलाव्याचा गोळा मारला आणि करणीने सपाट केला.

"ये," तो सुनेला म्हणाला.

सून आली, पण अंगठा तिने लगेच टेकवला नाही. "मामा, तुम्ही बोलला नाहीत ते किती बरं केलंत. तुम्हाला दिसलं होतं ना? चौथ्या बॅजात होतं तसंच तुम्ही केलंत. थांबलात. मला वाटत होतं, तुम्हाला ते पटलेलंच नाही."

मिस्त्रीला 'हो' म्हणता आलं असतं. ऐकायला कुणी नव्हतं आणि तिने त्याला आयता मोठेपणा देऊ केला होता. त्याने करणीवरचा माल घमेल्याच्या काठाला पुसला.

"थांबलो नव्हतो, पोरी. सहाव्या थरालाच दिसलं होतं. जागा जाईल म्हणून घाबरलो आणि तोंड मिटून बसलो. तू ओळंबा मागितलास तेव्हासुद्धा देऊ नये असं वाटलं."

सुनेने अंगठा गिलाव्यात दाबला आणि उचलला. सगळ्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या.

"आता तुमचा," ती म्हणाली.

"माझा कशाला? बावीस वर्षांत मी कधी ठेवला नाही. आणि आज तर नापास झालोय."

"मग पुन्हा प्रयत्न करा. फोनसुद्धा तेवढं म्हणतो."

मिस्त्रीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते त्याने लपवलं नाही. गिलावा सुकायला लागला होता. त्याने तिच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा टेकवला आणि जोर लावून दाबला.

दुसऱ्या दिवशी पोरं भिंतीपाशी जमली होती. नवीन आलेल्या पोरीने पट्ट्याच्या टोकाशी बोट फिरवलं.

"ही खूण बाईंची," ती म्हणाली. सुनेला आता शाळेत बाईच म्हणायचं ठरलं होतं. "आणि ही शेजारची?"

"विचारतेस काय?" तिच्या मागचा उंच पोरगा म्हणाला. "एकही रेष नाही. मिस्त्रींची आहे."

तिकडे शेडमध्ये मिस्त्री माल कालवत होता, आणि सून घमेल्यात करणी घालून बघत होती.

"पातळ झालाय, मामा," ती म्हणाली. "परत कालवा."

मिस्त्रीने फावडं उचललं आणि परत कालवायला घेतलं.